सशाने खाल्लेल्या मेंढ्या

"मग सशाने मेंढ्या खाल्ल्या, असंच लिहू का मी?"

तरुण नकलनवीस ओटमारने हे विचारलं तेव्हा थिओबाबा कोमट पाण्यात बोटं बुडवून बसले होते. ख्रिस्ती मठाच्या लेखनघरात पोथ्या उतरवण्यात उभा जन्म गेलेला म्हातारा. बोटं आखडलेली, डोळे अधू. त्यांनी एक जांभई दिली आणि ती चांगली लांबवर नेली.

लॅटिनात लांडगा म्हणजे लुपुस आणि ससा म्हणजे लेपुस. आपल्याकडे 'ध'चा 'मा' झाला आणि माणूस गेला. तिकडे 'लु'चा 'ले' झाला आणि मेंढ्या गेल्या. त्या तशाही जाणारच होत्या म्हणा, पण सशाकडून जाणं म्हणजे खानदानाला बट्टा.

प्रवचनात सांगायच्या गोष्टींची ती जुनी पोथी, कातड्याच्या पानांची. मेंढपाळ वाड्याचं दार उघडं टाकून प्यायला जातो आणि मागे घात होतो, अशी गोष्ट. मठाधिपती ओटमारला म्हणाले होते, हिची बिनचूक नक्कल काढ, थिओबाबांची जागा तुझी. त्या जागेवर ओटमारचा जीव अडकला होता. आणि नक्कल अडकली होती सशापाशी.

तिथल्या नकला ताडून बघायला बिचारा चिखल तुडवत मठामठांतून हिंडून आला. कुठे लांडगा, कुठे ससा. एका ठिकाणी ससा वासराएवढा झालेला. एका ठिकाणी त्याच्या अंगात सैतान. आणखी एका मठात तर खाली तात्पर्यही जोडलेलं, की गरीब चेहऱ्याला भुलू नका. तिथे हे प्रवचन झालं की गावातल्या सासवा म्हणे आपापल्या जावयाकडे बघतात.

"मी पदरचं टिंबही घालत नाही, बाबा," ओटमार म्हणाला. "जे आहे तेच उतरवतो. म्हणून विचारतो. मुळात काय होतं?"

"तू काय म्हणतोस?"

"लांडगा. शेंबड्या पोरालाही कळेल."

"मग झालं तर..."

"झालं कसं? पोथीत ससा आहे."

थिओबाबांनी बोटं पुसली. अक्षरं खरवडायचा आपला चाकू त्यांनी ओटमारपुढे सरकवला.

"खरवड."

ओटमार चपापला. मूळ पोथीला हात लावायचा? पण लांडगा त्याला दिसत होता आणि लांडग्यामागे ती जागा. तो वाकला. आधी हलक्या हाताने, मग जरा जोर लावून त्याने ते एक अक्षर खरवडायला घेतलं. शाई निघाली. तिच्याखाली आणखी शाई निघाली, फिकी. तिच्याखाली आणखी फिकी...

तेवढ्यात पात्याखाली कातडं फाटलं.

ओटमारने पान उजेडाकडे धरलं. अक्षराच्या जागी मसुराएवढं भोक. त्यातून खिडकी दिसत होती. अलीकडे 'ल', पलीकडे 'पुस'.

तो मटकन खाली बसला. हिंडण्याचा सगळा शीण एकदम त्याच्या खांद्यांवर आला.

"इथे आधीही कुणीतरी खरवडलंय," तो पुटपुटला.

"हं."

"कितीदा?"

थिओबाबांनी पान हातात घेतलं, मागच्या बाजूने करंगळीचं टोक भोकाला लावलं आणि ओटमारकडे बघत ते जरासं हलवलं. बिळातून कुणी नाक काढावं तसं.

ओटमारला हसू आलं नाही.

"आता मी काय उतरवू, बाबा?"

"जे आहे तेच. पदरचं टिंबही घालू नकोस."

"आणि जागा?"

म्हाताऱ्याने पुन्हा पाण्यात बोटं सोडली. पाणी एव्हाना गार झालं होतं. ओटमार चाकू परत करायला पुढे झाला, तशी त्यांनी मान हलवली.

"राहू दे तुझ्याकडेच. पुढचा येईल... ससा घेऊन."