पेटीतलं लहान चाक

गावात बेल्ट ग्राइंडर, म्हणजे चाकांवरून खरखरीत पट्टा फिरवून लोखंड घासायचं यंत्र, नवं होतं, तेव्हाची ही गोष्ट. भिवा पांचाळ घरामागच्या पडवीत त्यावर कोयते घासायचा. ग्राइंडरची मोठी चाकं भिंतीवर खिळ्यांना टांगलेली असत आणि सगळ्यात लहान चाक पत्र्याच्या पेटीत असे. पेटीचा त्याच्यावर फार जीव होता.

संध्याकाळी मोठी चाकं धुळीनं माखून भिंतीवर परतायची आणि विचारायची, "काय रे, लोणच्यासारखा मुरतोस का आत?"

"मावशी, मला पण जाऊ दे ना," चाक पेटीला म्हणायचं.

"बाहेर ठिणग्या उडतात, बाळा. अजून थोडा मोठा हो."

भिवा झाकणाला हात घालायचा, तेव्हा पेटी अंग आवळून धरायची. तो कंटाळून दुसरंच चाक लावायचा.

अशी बरीच वर्षं गेली. एकदा अगदी बारीक खोबणीचं काम आलं, म्हणून भिवानं पेचकसानं झाकण उचकटलं. चाक आरशासारखं चमकत होतं. त्यानं बोटानं फिरवून पाहिलं, तर ते फिरेना. कधी वापरलंच नाही म्हणून आतलं ग्रीस दगडासारखं झालं होतं.

"वाया गेलं बिचारं," म्हणत त्यानं ते भंगारात ठेवलं.

तिथून चाकानं घाबरून विचारलं, "मावशी, मला कुठं लागलंय का गं?"

पेटी उघड्या झाकणानं त्याच्याकडे बघत राहिली.

"नाही रे बाळा," ती म्हणाली, "कुठंच लागलं नाही."