मुकं रान

आमच्या धनगरवाड्याच्या वरचा सगळा सडा काळ्या कातळाचा आहे. त्यात एकच खोलगट जागा अशी, जिथे माती साचली आहे. तिला मुकं रान म्हणतात. तिथे कुंपण नाही, गडगा नाही, पाटीही नाही. तरी मृग लागल्यापासून गवताचं बी झडेपर्यंत तिथे एकाही म्हशीचा दात लागत नाही. गायरानं कशी उजाड होतात, यावर मी दूरच्या शहरात पुष्कळ वाचलं होतं. ती कशी टिकतात, ते मात्र परत आल्यावर धाऊमामांच्या तोंडून ऐकलं. धाऊमामा रानाचे सध्याचे राखणदार. पाहुणे वर आले, की ते काठावरच्या उंच धोंड्यावर बसतात, काठी मांडीवर आडवी घेतात आणि संथपणे सांगू लागतात.

फार पूर्वी या रानाला बंदी नव्हती. पावसाने कोंब वर आला, की ज्याची म्हैस आधी पोचेल तिने खावं. आषाढ हा डोंगरातला सगळ्यात उपाशी महिना. साठवलेलं गवत संपलेलं असतं आणि नवं बोटभरही वाढलेलं नसतं. पण कोवळा कोंब खुडला तर बी धरत नाही, आणि बी नाही तर पुढच्या उन्हाळ्याला गवत नाही. अशी दोन वर्षं लागोपाठ गेली. वैशाखात दावणीला बसलेल्या निम्म्या म्हशी पुन्हा उठल्या नाहीत. तेव्हा कोंडू ढेबे नावाच्या माणसाने सगळ्या घरांना वाघजाईपुढे उभं केलं. बी झडेपर्यंत रानात म्हैस घालायची नाही, जो घालील त्याच्या घरचं दूध कुणी घ्यायचं नाही, अशी शपथ झाली. राखण कोंडूकडेच आली.

पण आषाढात इथे असं धुकं उतरतं, की हातातल्या काठीचं टोक दिसत नाही. डोळ्यांनी राखण होणार कशी? म्हणून प्रत्येक म्हशीच्या गळ्यात पितळी घंटा आली. कोंडू याच धोंड्यावर बसून ऐकायचा. घंटा कुणाच्या घरची, म्हैस कातळावर आहे की मातीवर, हे त्याला बसल्या जागी कळे. म्हशीच्या पोटात काय शिजतंय तेही कोंडूला ऐकू येतं, अशी लोक थट्टा करत. एकदा त्याच्या सख्ख्या भावाची म्हैस आत शिरली. कोंडूने सगळ्यांसमोर भावाचं नाव घेतलं. त्या भावाच्या घरच्या दुधाला वर्षभर कुणी शिवलं नाही, म्हणे.

कोंडूला एकच लेक होती, बायजा. नवरा गेल्यावर ती एक म्हैस घेऊन माहेरी आली आणि बापाच्या शेजारी झोपडं घालून राहिली. म्हशीच्या कपाळावर पांढरा टिळा होता, म्हणून तिचं नाव चांदरी. बायजाचं पोट तिच्यावरच होतं. त्या वर्षी चांदरी ऐन आषाढात व्याली. अंगात काही नव्हतं, पान्हा फुटेना. शेजाऱ्यांनी मूठमूठ पाला दिला, पण दावणी सगळ्यांच्याच रिकाम्या होत्या. शेवटी बायजा धोंड्यापाशी आली.

"आबा, एक पेंढी कापू दे. पारडी ढुसण्या मारून दमली."

कोंडू म्हणाला, "तुला दिली, तर उद्या कुणाला नाही म्हनू?"

त्याच्या पाठीवरून घोंगडं घसरलं होतं, ते तिने सारखं केलं आणि गेली.

दिवस मावळायच्या सुमारास तिने आपल्या छपराचं वाळलेलं गवत उपसलं, चांदरीच्या घंटेत घट्ट कोंबलं आणि तिला दाव्याने धरून धुक्यात शिरली. कोंडू घरी आला तेव्हा बायकोला म्हणाला, "आज रान निवांत हाय." शेजारच्या झोपड्यातून पारडी सारखी ओरडत होती. बायकोने जाऊन पाहिलं, तर आत कुणी नव्हतं आणि दाराच्या वरचं छप्पर उसवलेलं होतं.

वाडा बाहेर पडला. धुक्यात हरवलेलं माणूस आमच्याकडे म्हशीच्या घंटेवरून शोधतात. कोंडूने बाकीच्या म्हशींच्या घंटा लोकांना हातात धरायला लावल्या, सगळ्यांना गप्प केलं आणि धोंड्यावर चढून हाक दिली.

"बायजा, चांदरीला हलव."

खाली ओढ्याचं पाणी कोसळत होतं. दुसरा आवाज आला नाही.

सकाळी धुकं विरलं तेव्हा दोघी कड्याखालच्या टप्प्यावर दिसल्या. दावं बायजाच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. ती पडल्यावर काही वेळ जिवंत असावी, असं सांगतात. कारण घंटेतलं गवत तिने अर्धं उपसलं होतं. उरलेलं भिजून फुगलं होतं, ते निघालं नव्हतं. चांदरीच्या जबड्यात एक काडीही नव्हती. लोकांनी वर येऊन पाहिलं, तर रानातलं गवत जसंच्या तसं उभं होतं. त्या तिथवर पोचल्याच नव्हत्या.

कोंडूने काडी काडी करून घंटा मोकळी केली. कानाशी धरून हलवली. मग बायकोला विचारलं, "वाजतीय का गं?"

उभ्या असलेल्या सगळ्यांना ती ऐकू आली होती.

त्यानंतर कोंडूला एकही घंटा ऐकू आली नाही, म्हणे. त्याच्यापुरतं रान मुकं झालं, आणि तेच नाव पडलं. बंदी उठवू, असं लोक म्हणाले, तेव्हा त्याने मान हलवली. लेकीने शपथ मोडली नव्हती, मी कशी मोडू, असं त्याचं म्हणणं होतं. फक्त त्या शपथेला त्याने एक गोष्ट जोडली. आषाढात ज्या घरची म्हैस व्याली असेल, त्या घराच्या दारात राखणदाराने स्वतः पेंढी नेऊन ठेवायची. विळ्याने वरच्यावर कापलेली, मूळ न दुखावता. घरच्यांनी मागायच्या आत.

आजही तसंच चालतं. वाड्यातली बरीच घरं आता डोंगर उतरून गेली, पण उरलेल्या गोठ्यांत पांढऱ्या टिळ्याच्या म्हशी आहेत. लोक म्हणतात, त्या चांदरीच्या पारडीच्या वंशातल्या. घंटेला कुणी चिंधीसुद्धा बांधत नाही. आणि आषाढातली पहिली पेंढी कुणाच्याच दारात जात नाही. धाऊमामा ती कड्याच्या काठावर ठेवतात आणि घोंगडं डोक्यावरून मागे सारून, कान दरीकडे करून उभे राहतात. खाली ओढ्याच्या पाण्याशिवाय काही ऐकू येत नाही. तरी ते बराच वेळ थांबतात.