खचलेला काठ

"ओळखा बरं बाई, गटार कुठून गेलंय?"

मोहोळकर बाईंनी ओढ्याचा काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला.

"नाही गं ओळखू येत."

झालं! शलाका गव्हाणेला आभाळ ठेंगणं झालं. शाळेत याच बाईंनी तिला पाखरं ओळखायला शिकवलेलं, आणि आज त्यांनाच काही ओळखू येईना. भुयारी गटाराच्या कामात पर्यावरणाची सगळी जबाबदारी तिची होती. काठ फोडून पाइप न्यायला निघालेल्या ठेकेदाराशी ती कडाकडा भांडली होती आणि लाइन पलीकडच्या रस्त्याखालून वळवून घेतली होती. यंत्रांनी तुडवलेल्या जागेत तिनं करंज लावले, उंबर लावले, पाण्याशी वाळा लावला. मिरवण्यासारखंच काम होतं, मग का नाही मिरवायचं?

"आज समिती येतेय पाहणीला. त्यांना पसंत पडलं ना, तर पुढच्या सगळ्या ओढ्यांचं काम माझ्याकडे!"

"वा."

"आणि हा उतार तर बघा!"

काठाची माती तिनं छान तिरपी करून घेतली होती, वर काथ्याची जाळी अंथरून गवत लावलं होतं. गालिचाच जणू.

"इथे आधी काय होतं गं?"

"इथे? काही नाही हो. उभाच्या उभा खचलेला काठ, नुसती उघडी माती. पहिल्या पाहणीतच मी लिहिलं, खचलेला, दुरुस्त करणे."

"पाहणी कधी केलीस?"

"दिवाळीत."

"हं..."

तेवढ्यात तारेवरून एक वेडा राघू सुटला. हिरवागार, चिमुकला. त्याच्यामागून त्याची मादी.

"आले बघा, बाई! राघू आले! माझ्या काठावर!" शलाकानं टाळ्याच पिटल्या.

राघू उतारापुढे फडफडत थांबला. जाळीला चोच लावली आणि परत तारेवर जाऊन बसला. मग मादी आली. तिनंही चोच लावली, तीही परत गेली.

पुन्हा तेच... पुन्हा तेच.

"असं काय करतायत हो?"

बाईंनी आपला पंजा शलाकापुढे धरला, उतारासारखा तिरपा. मग हळूहळू तो भिंतीसारखा उभा केला आणि दुसऱ्या हाताचं बोट मधोमध टेकवलं.

शलाका बघतच राहिली.

"बीळ..." ती पुटपुटली. "उन्हाळ्यात उभ्या मातीत बीळ करून अंडी घालतात ते. अहो, तुम्हीच शिकवलंत! पावसानं बिळं बुजली होती, आणि मी दिवाळीत येऊन नुसती माती बघून गेले."

तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"पुढच्या वर्षी नीट करते, बाई. आत्ता समिती यायची वेळ झाली."

"बरं. मग अंडीसुद्धा पुढच्या वर्षी घाला म्हणावं. जा, सांगून ये त्यांना."

शलाकानं पुलाकडे पाहिलं. समितीची नजर सगळ्यात आधी या उतारावरच पडणार होती. तो मोडला तर पुढचे ओढे गेलेच म्हणून समजायचं. आणि नाही मोडला तर...

तारेवरची जोडी काही हलत नव्हती.

झाडांना आळी करायला आणलेली कुदळ बांधावर पडली होती. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि पहिला घाव घातला. जाळी फाटली, गवत लोळलं, मातीची ढेकळंच्या ढेकळं खाली आली. जीव तुटत होता, पण हात थांबले नाहीत.

समितीच्या गाड्या पुलावर दिसल्या तेव्हा छातीएवढा काठ उघडाबोडका, सरळ उभा राहिला होता, आणि शलाका कोपरापर्यंत मातीनं माखली होती.

"बाई, साहेब विचारणार, एवढा सुंदर उतार कोणी मोडला?"

बाईंनी पदरानं तिच्या गालावरची माती पुसली.

"मग छाती पुढे काढून सांग... मी."