शून्य पकडींचा गडी

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी कबड्डी संघाचे अध्यक्ष भाऊसाहेब खराडे आकड्यांचा कागद फडफडवत मैदानावर आले. "डाव्या कोपऱ्यातला तो बिरू! तीन सामन्यांत पकडी किती? शून्य! उद्या त्याला बाहेर बसवा."

चाळीस वर्षांत संघाचा एकही सामना न चुकवलेला प्रशिक्षक शिवाप्पा मगदूम कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बिरू खेळणार, साहेब."

"म्हणजे आकडे खोटे?"

"आकडे खरे आहेत. पण तुम्हीही एके काळी चढाया गाजवल्यात. एक करून दाखवा, मग मी तोंड उघडणार नाही."

भाऊसाहेबांना चेव चढला. धोतर खोचून, 'कबड्डी कबड्डी' करत ते आत शिरले. कोपऱ्यात दबा धरून बसलेल्या बिरूवर नजर गेली मात्र, साहेब तडक विरुद्ध बाजूला वळले, तिथल्या गड्याला शिवले आणि छाती फुगवून परतले.

"बिरूकडे का नाही गेलात, साहेब?"

"मला काय वेड लागलंय? त्यानं एकदा घोटा धरला की सोडत नाही!"

"मग घ्या लिहून," शिवाप्पा म्हणाला, "बिरूच्या आजच्याही पकडी शून्य."