सात हात दोर

फार पूर्वी अंजनपुरात मणिरथ राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व मुंज गवताचे दोर वळणाऱ्याच्या घरी जन्मला होता आणि त्याच कामावर पोट भरीत होता. नगरात साठ सार्वजनिक विहिरी होत्या. त्यांना दोर पुरवायचा तो राजाने, अशी तिथली जुनी रीत होती.

मणिरथाच्या वडिलांनी परदेशी व्यापाऱ्यांकडून कर्ज काढून चंदनाच्या हजार खांबांचा सभामंडप बांधला होता. वडील गेले. मंडप राहिला आणि कर्जही राहिले.

"महाराज, खर्च छाटल्याशिवाय गत्यंतर नाही," अमात्य अर्थदर्शी म्हणाला.

अर्थदर्शी लबाड नव्हता. त्याने आधी स्वतःच्या घरातले नोकर कमी केले, मग पावसाळा संपताच एकेका विहिरीवर जाऊन उभा राहिला. प्रत्येक ठिकाणी सात-सात हात दोर काठावर वेटोळे करून नुसता पडलेला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तेवढा दोर त्याने कापवला. यापुढे दोर आखूडच मिळेल आणि जो कोणी तो वाढवील त्याला हद्दपार करू, अशी दवंडी पिटवली. कापलेले तुकडे कापण्याची मजुरी म्हणून बोधिसत्त्वाला मिळाले.

वैशाख आला. कर्जाचा पहिला हप्ता फिटला होता, तरी राजाला आनंद कसा तो होईना. जकात घटली होती. कापड रंगवणाऱ्यांनी काम बंद ठेवले होते. वैद्य सांगत होते, की लोक डबक्याचे पाणी पितात आणि मुले आजारी पडतात.

"कर्ज कमी होतंय, मग राज्य गरीब का होतंय?" राजाने विचारले.

"अजून पुरेसं छाटलेलं नाही, म्हणून," अर्थदर्शी म्हणाला.

राजाला ते पटले. थोड्या वेळाने पटेनासे झाले. जेवताना घास हातातच राहू लागला. अखेर एका दुपारी साधे धोतर नेसून तो एकटाच माळ्यांच्या विहिरीवर गेला.

तिथे बायकांची गर्दी होती. दोर पाण्यापर्यंत पोहोचत नव्हता, म्हणून कुणी त्याला लुगड्याची पट्टी बांधली होती. ती गाठ वरच्या चाकात अडकली, पट्टी फाटली आणि चित्रा माळिणीची घागर विहिरीत गेली.

"गेली! सासूबाईंच्या माहेरची होती. आता मलाच बांधून सोडतील खाली!" चित्रा म्हणाली.

"तू तरी पोहोचशील का गं पाण्याला?" दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या, पण चित्राच्या डोळ्यांत पाणी होते.

विहिरीच्या काठावर एक माणूस मांडी घालून बसला होता. आखूड दोराचे पीळ उकलून त्यात तो दुसरा तुकडा गुंफीत होता. तो बोधिसत्त्व होता.

"हे केलं तर हद्दपारी आहे, ठाऊक नाही का?" राजाने विचारले.

"ठाऊक आहे, पाहुणे."

"अहो, नावाडी या तुकड्यांना दामदुप्पट देत होते," चित्रा म्हणाली. "यांनी विकले नाहीत. बायको रोज बोलते, तरी ढिम्म!"

"का नाही विकलेस? मजुरीत मिळाले होते ना?"

"मिळाले होते. पण आता प्यायला पाणी नाही. माझ्या घरात पडलेला दोर म्हणजे सात हात खालचं पाणीच, ते विकू कसं?"

राजाचा गोंधळ आणखी वाढला. "अमात्य खोटं बोलला का? दोर तर नुसता पडला होता!"

"खोटं नाही बोलले. विहीर भरलेली असताना मोजलं, एवढंच. तो दोर वैशाखासाठी थांबला होता."

"पण कर्जही खरं आहे!" राजा एकदम ओरडला. बायका चटकन मागे सरल्या. त्यांनी आता त्याला ओळखले होते.

बोधिसत्त्वाने हात जोडले. "खरं आहे, महाराज. ते फेडायलाच हवं. छाटा, पण ज्या वस्तूची ज्या ऋतूत कसोटी लागते, त्या ऋतूत बघून छाटा."

त्याने शेवटचा पीळ आवळला. चित्राने उसनी घागर सोडली. दोर खाली गेला, आणखी खाली गेला आणि पाण्याचा आवाज आला. भरलेली घागर वर आली तेव्हा राजा ओंजळ पुढे करून पाणी प्यायला. मग त्याने हद्दपारीचा हुकूम तिथेच रद्द केला आणि उरलेल्या सगळ्या विहिरींचे दोर जोडायला सांगितले.

वाड्यात परतल्यावर त्याची नजर मंडपाकडे गेली. इतके चंदन कर्ज फेडायला पुष्कळ झाले असते. पण कोणता खांब छप्पर पेलतो आणि कोणता नुसता उभा आहे, हे त्याला काही केल्या कळेना. त्याने अर्थदर्शीला विचारले.

अर्थदर्शीने एका खांबावर हात ठेवला. "आत्ता नाही सांगता येणार, महाराज," तो हळूच म्हणाला. "वादळ येऊ द्या."

आषाढातल्या वादळात राजा आणि अमात्य भिजत, एकेका खांबाला हात लावून फिरले. वाऱ्याने छप्पर हलले की ते पेलणारे खांब थरथरत. जे थरथरले नाहीत, ज्यांच्यावर कसलाच भार नव्हता, असे चारशे खांब निघाले. व्यापाऱ्यांनी ते हप्त्यांपोटी घेतले. छप्पर जागेवर राहिले. पुढेही राजा अनेकदा गोंधळला, पण प्रत्येक वैशाखात तो विहिरींवर जाऊन यायला चुकला नाही.

ही गोष्ट सांगून भगवान भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा गोंधळलेला राजा हा आजचा भिक्षू आनंद, अमात्य तो भिक्षू उपाली, चित्रा माळीण ती भिक्षुणी उत्पलवर्णा आणि दोर वळणारा मी होतो. घरी पडलेल्या दोरात ज्या गुणाने मला दुसऱ्याची तहान दिसली, त्याला करुणा म्हणतात."