टिकली बचाव परिषद पाण्यात भरते

एक जंगल होतं. जंगलाला राजा होता, राजाला प्रजा होती आणि प्रजेला उकडत होतं.

जंगलाच्या मधोमध तळं होतं. उकडलं की हत्ती तळ्यात जाऊन बसायचे. आधी दुपारपुरते बसायचे, मग सकाळपासून बसायला लागले, मग बाहेर तरी कशाला यायचं असा प्रश्न त्यांना पडला आणि ते जेवणही तिथंच मागवायला लागले. पाण्यात बसून खाल्लं की अंग सुटतं. अंग सुटलं की जास्त उकडतं. जास्त उकडलं की आणखी खोल पाण्यात बसावं लागतं. याला त्या जंगलात प्रगती म्हणायचे. ज्याच्या बुडाखाली जास्त तळं तो जास्त पुढारलेला. हे शाळेत शिकवायचे आणि परीक्षेत यायचं.

तळ्यात एक बेट होतं. कपाळावरच्या टिकलीएवढं, म्हणून नावही टिकली. तिथं सायाळींची वस्ती होती. अंगभर काटे, जमिनीत बीळ, संध्याकाळी कंदमुळं उकरायची आणि सकाळी झोपायचं, एवढाच त्यांचा संसार. डुंबायची हौस त्यांच्या खानदानात कुणाला नव्हती.

भरलेल्या बादलीत तांब्या बुडवला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. जंगलातल्या विद्वानांना माहीत नव्हतं. टिकलीच्या कडेची बिळं पाण्याखाली जायला लागली तेव्हा विद्वानांची समिती बसली. पाण्यातच बसली. तिनं निष्कर्ष काढला की सायाळी बिळं खणतात म्हणून बेट खचतंय, तेव्हा सायाळींनी आपली राहणी बदलावी.

वस्तीची कारभारीण होती धुरपदा सायाळ. त्या साली तिला दोन पिल्लं झालेली. काटे अजून मऊ, शेवयांसारखे. मोठ्या सायाळीला पोहता येतं, पिल्लाला येत नाही. धुरपदाचा नवरा येसबा खालचं बीळ बुडालं की वरचं खणायचा, तेही बुडालं की त्याच्या वरचं. असं खणत खणत तो बेटाच्या डोक्यावरच्या करंजाच्या बुंध्याशी पोचला आणि हात झटकून बसला.

"आता वर झाडच राहिलं," तो म्हणाला. "चढायला शीक."

"मी चढीन. हे दोन गोळे कुठं टांगू?" धुरपदानं विचारलं, आणि पाण्यात उडी मारून थेट राजाकडं गेली.

राजा दिलदार होता. हत्तीच तो, मन मोठं असणारच. त्यानं धुरपदाचं सगळं ऐकून घेतलं, दोनदा सुस्कारा सोडला आणि टिकली बचाव परिषद जाहीर केली. आता त्या राज्यात एक रीत होती. कोरड्यावर डोकं तापतं, म्हणून कुठलाही गंभीर निर्णय पाण्यात बसूनच घ्यायचा. कोरड्यावर घेतलेला निर्णय बेकायदा. आणि बेट वाचवण्याइतकं गंभीर दुसरं काय असणार? त्यामुळे सगळ्यांना बोलावणं गेलं. लांबलांबच्या जंगलांतले हत्तीसुद्धा आले, कारण कळवळा लांबवर पसरला होता. सगळे तळ्यात उतरले. स्वागतगीत संपेपर्यंत टिकलीवरची दहा-बारा बिळं गेली.

ही बातमी व्यासपीठावर पोचली तेव्हा राजा फार हळहळला. बुडालेल्या बिळांसाठी सर्वांनी शांत बसावं, असं त्यानं सुचवलं. काठावर जे चारदोन जण उभे होते, तेही मान राखायला म्हणून पाण्यात येऊन बसले. तेवढ्यात आणखी तीन बिळं गेली. त्यांच्यासाठी मात्र शांत बसले नाहीत. कार्यक्रम लांबला असता.

मग राजाचं भाषण झालं. त्यानं सांगितलं की टिकली हे बेट नाही, भावना आहे. सायाळीच्या पायाला पाणी लागतं तेव्हा त्याच्या डोळ्याला पाणी येतं. आपले आजोबा एकदा टिकलीला पाठ घासायला गेले होते, इतकं हे नातं जुनं आहे, हेही त्यानं सांगितलं. मग "टिकली टिकलीच पाहिजे" ही घोषणा तीनदा झाली आणि प्रत्येक वेळी सोंडा पाण्यावर आपटल्या गेल्या. लाटा उठल्या. येसबानं बिळापुढं घातलेला मातीचा बांध पहिल्या घोषणेला ओला झाला, दुसरीला ढासळला. तिसरीच्या वेळी तो तिथं नव्हताच.

शेवटी धुरपदाला बोलायला सांगितलं. ती एका दगडावर उभी राहिली.

"मला भाषण येत नाही, महाराज. तुम्ही सगळे पाण्यातनं बाहेर या. पाणी उतरंल. झालं."

सभेनं माना डोलावल्या. मग टाळ्या. काही हत्तिणी रडल्या. राजा म्हणाला, "ताई, फार मनापासून बोललात."

"मग येताय?"

"कुठं?"

"बाहेर."

राजानं सचिवाकडं बघितलं. सचिव होता पाणकावळा. त्याला पंख वाळवत दोन्ही हात पसरून उभं राहायची सवय, त्यामुळे तो सगळ्यांना कवेत घेतोय असं लांबून वाटायचं. त्यानं समजावलं की बाईंच्या भावना योग्यच आहेत, पण 'बाहेर' हा शब्द टोकाचा आहे. मग त्या शब्दावर चर्चा सुरू झाली आणि आठवडाभर चालली. 'बाहेर यावे'चं 'बाहेर येण्याचा विचार करावा' झालं, त्याचं 'काठाच्या दिशेने तोंड करावे' झालं. इथं गवे भडकले. त्यांचा पुढारी रंगराव गवा उठला आणि त्यानं ठणकावलं की हत्ती पिढ्यान् पिढ्या डुंबले, आमच्या खुरांना आत्ता कुठं ओल लागली, आणि आताच तळं बंद? आधी आम्ही मानेपर्यंत बसणार, मग बाहेरचं बघू. खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं. एवढंच की तो हे बोलत बोलत मानेपर्यंत बसत होता.

अखेर तोडगा निघाला. प्रत्येकानं निम्मं अंग पाण्याबाहेर काढायचं. मुदत, पणतवंडांच्या लग्नापर्यंत. ठराव पास झाला आणि सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. हत्ती एकमेकांच्या गळ्यात पडले की पाण्याचं काय होतं ते मी सांगत बसत नाही.

दरम्यानच्या काळासाठी मदतही मंजूर झाली. पोरांना पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधतात, तसे भोपळे टिकलीला धाडण्यात आले. प्रत्येक भोपळ्यावर राजाचं हसरं चित्र. आता सायाळीच्या पाठीला भोपळा बांधायचा कसा, हे भोपळा धाडणाऱ्यानं सायाळ बघितली असती तर त्याला सुचलं असतं. भोपळे तळ्यावर तरंगत फिरले. जिकडं बघावं तिकडं राजा, आणि सगळीकडं कोरडा.

एका सकाळी करंजाच्या बुंध्याशी पाणी आलं. पिल्लू तोंडात धरून पोहावं तर ते पाण्याखाली जाणार, म्हणून धुरपदानं एक पिल्लू पोटाशी धरलं, दुसरं येसबानं. करंजावर पंख वाळवत बसलेल्या पाणकावळ्याला ती म्हणाली, "परिषद राहू दे. एक हत्ती पाठव. एकच. एवढी दोन पिल्लं पाठीवर टाकून काठावर नेऊन सोड म्हणावं."

मागणी साधी होती, आणि पहिल्यांदाच कुणालाही आवडण्यासारखी. पिल्लं वाचवणारा हत्ती म्हणजे वर्षभर चित्रांत. एक हत्ती निघाला म्हटल्यावर दुसरा का मागं राहील? राजा निघाला म्हटल्यावर तर कुणीच राहीना. बचाव मोहिमेला अख्खा कळप टिकलीवर चाल करून आला. पुढचे ढकलत होते, मागचे 'मला दिसू द्या' म्हणत होते, गवे आम्हाला वगळलं म्हणून बाजूनं घुसत होते. बेटाला राहिलेलं अंगण त्या गर्दीत गेलं. करंज एका उत्साही हत्तीनं पिल्लांना सावली म्हणून उपटून डोक्यावर धरला.

पिल्लं वाचली. हे नाकारून चालणार नाही. काठावर त्यांचा सत्कार झाला आणि राजानं दोघांना सोंडेत धरून उंच दाखवलं. धुरपदा मात्र तळ्याकडं बघत होती. तिथं सपाट पाणी होतं.

"पिल्लं दिली ना परत, बाई," रंगराव तिला म्हणाला. "चेहरा का असा?"

"घरी न्यायचीत," धुरपदा म्हणाली.

तेवढ्यात बँड सुरू झाला. सायाळींना काठावर जागा देण्यात आली. जागा म्हणजे गव्यांची पायवाट, ती रिकामी असेल तेवढ्या वेळापुरती. तिथं बीळ खणायला बंदी, गव्यांचे पाय अडकतात. पिल्लांचे काटे टणक झाले, पण बीळ म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागायचं. येसबा हातवारे करून सांगायचा. ती हसायची, त्यांना ते खोटं वाटायचं.

पुढच्या वर्षी परिषद पुन्हा भरली. जागा शोधायला त्रास पडला नाही. बुडालेल्या टिकलीवर पाणी उथळ होतं आणि खाली जमीन घट्ट होती, येसबानं जन्मभर चोपलेली. हत्ती तिच्यावर जाऊन उभे राहिले, आणि चमत्कार झाला. प्रत्येकाचं निम्मं अंग पाण्याबाहेर! ठरावात लिहिलं होतं तसंच. पणतवंडांचीच काय, नातवंडांची लग्नंही अजून ठरली नव्हती. पाणी मात्र बोटभरही उतरलं नाही, कारण हत्तींनी मोकळ्या केलेल्या जागेत गवे मानेपर्यंत बसले होते.

माजी बेटवासी म्हणून धुरपदाला हार घालायला बोलावलं होतं. हार तिच्या काट्यांत अडकून राहिला. पाणकावळ्यानं हात पसरून विचारलं की परिषदेसाठी काही संदेश?

"तुम्ही माझ्या घरावर उभे आहात. उतरा," ती म्हणाली.

राजाला गहिवरून आलं. त्यानं जाहीर केलं की बाईंच्या शब्दांनी आपल्याला बळ मिळालंय, आणि उद्दिष्ट आता निम्म्या अंगावरून पाऊण अंगावर नेण्यात येत आहे. टाळ्या झाल्या. त्यासाठी अर्थात एवढी टिकली पुरणार नाही, थोडं उंच बेट लागेल. पाहणी पथक कालच रवाना झालंय.