उघडा पडदा

"...मग बुवांनी त्याला हाकललं, का तो आपणहूनच गेला?"

"हाकललंच म्हणे! सगळ्यांदेखत रडवलं आधी, आणि मग पिशवी हातात देऊन—"

एवढ्यात गिरणीचा पट्टा फिरायला लागला. पुढचं सगळं पिठात गेलं.

मी डबा घेऊन रांगेत तिसरी होते. म्हटलं, थांबवावं का यांना? पण सांगायला गेलं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि त्यात माझाही वाटा होता.

म्हणून लिहून ठेवते.

केदारगिरी बुवांचा मठ आमच्या भिंतीला लागून आहे. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या ओसरीवर उघडते. खिडकी माझ्या लग्नाच्या आधीपासूनची आहे, तो काही माझा दोष नाही.

बुवा फार बोलत नाहीत. लोक येतात, आतल्या खोलीत चटईवर बसतात, आपलं मनातलं सांगतात. बुवा ऐकतात. माणूस उठून गेला की चटई उलटी करायची, ही त्या मठाची रीत. एकाचं दुःख दुसऱ्याच्या बुडाखाली येऊ नये म्हणून, असं माझी सासू सांगायची. बुवांना विचारलं तर ते नुसते हसतात.

वर्षापूर्वी पुण्याची नोकरी सोडून निखिलेश आला. संगणकातला इंजिनियर. दीक्षा द्या म्हणाला. बुवा म्हणाले, राहा आधी.

राहिला. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्यासाठी त्यानं ओसरीवर संगणक मांडला. लोक ईमेल पाठवायचे, तो बुवांना वाचून दाखवायचा, बुवा सांगतील ते उत्तर लिहायचा. चटईही तोच उलटी करायचा. समोरच्यानं पायात चपला घालायच्या आत चटई उलटलेली.

हुशार पोरगा. आपण हुशार आहोत हे त्याला माहीतही होतं.

त्या बुधवारी दुपारी मी वाटीभर आमटी घेऊन मठात गेले. ओसरीवर कोणी नव्हतं. आत चुलीवर दूध उतू गेल्याचा वास येत होता. संगणक उघडा, तोंड दाराकडं.

मी वाचायला गेले नव्हते. पण अक्षरं मोठी होती आणि नाव ओळखीचं होतं. शकुंतला कोष्टी. आमच्या गल्लीतली शकूवहिनी.

तीनच ओळी वाचल्या. 'बुवा, छातीत गाठ लागते आहे. तीन महिने झाले, घरात कुणाला बोलले नाही. मुलीचं लग्न सव्वा महिन्यावर आलंय, तोवर गप्प राहू का?'

तेवढ्यात निखिलेश हात पुसत बाहेर आला. मी आमटीची वाटी त्याच्या हातात दिली आणि घरी आले.

संध्याकाळी मी फक्त माझ्या जावेला सांगितलं. काळजीपोटी सांगितलं, देवाशपथ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या होणाऱ्या सासूचा शकूवहिनींना फोन आला. तुमची तब्येत कशी आहे, म्हणून.

गुरुवार म्हणजे मठात ऐकायचा दिवस. अंगणात चौदा-पंधरा माणसं बसलेली. शकूवहिनी सगळ्यांना ओलांडून थेट ओसरीवर आल्या. मी खांबाशी उभी होते. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"बुवा, ते पत्र पुसून टाका."

"कुठलं, बाई?"

"माझं नाव असलेलं. मी काही लिहिलेलं नाही. मला काही झालेलं नाही. गाठ नाही, काही नाही."

"दवाखान्यात..." बुवा म्हणायला लागले.

"मी कुठल्याही दवाखान्यात जाणार नाही. लग्न झाल्यावरही नाही. गेले तर ते खरं ठरेल."

"बसा थोडं," बुवा म्हणाले.

त्या अंगणात जाऊन बसल्या. पदर गच्च ओढून.

बुवा निखिलेशकडं वळले. तो संगणकाशेजारी उभा होता. चेहरा पांढरा, पण मान ताठ.

"बुवा, पासवर्ड अठरा अक्षरांचा आहे. बाहेरून कुणी शिरूच शकत नाही. मी तपासलं."

"बाहेरून कुणी शिरलं नाही."

"मग..."

बुवांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही वाचलंत?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बस्स. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"उठताना हे झाकता येतं?" त्यांनी निखिलेशला विचारलं.

"येतं ना. हे विंडोजचं बटन धरायचं आणि एल दाबायचं. पडदा बंद. परत आल्यावर पासवर्ड घातल्याशिवाय उघडत नाही."

"किती वेळ लागतो?"

"अर्धा सेकंद."

"हे तुला कधीपासून माहीत?"

"ऑफिसात दोनशे जणांना मीच शिकवलंय."

"आणखी?"

त्याला जरा बळ आलं. "एक मिनिट कुणी हात लावला नाही तर आपोआप बंद होईल असं लावून ठेवता येतं. खिशात फोन असेल तर माणूस लांब गेला की थोड्या वेळानं स्वतःच बंद होतं, तीही सोय आहे. लॅपटॉप असता तर नुसतं झाकण मिटलं तरी..."

"इतक्या वाटा."

"हो."

"तू कुठल्या वाटेनं गेलास?"

"दूध उतू जात होतं, बुवा."

"हं."

"दोन मिनिटं गेलो होतो फक्त. आणि इथं कोण आहे बघायला? काकूंसारखी चार माणसं. त्यांना संगणकातलं काय कळतं?"

मला कळलं होतं तेवढं कळलं होतं.

"शकुंतलाबाई चटईवर बसून हेच बोलल्या असत्या तर?" बुवांनी विचारलं.

"चटई उलटी केली असती."

"दूध उतू जात असतं तरी?"

"...ती रीत आहे, बुवा. हे नुसतं यंत्र आहे."

बुवा उठले. आतल्या खोलीचं दार ढकललं. "ये. बस."

"कुठं?"

"चटईवर."

वर्षभरात तो त्या चटईवर कधी बसला नव्हता. लोकांना बसवायचा.

"मला काही सांगायचं नाही, बुवा."

"बरं. ते सांग."

दार लागलं.

मी अंगणात येऊन बसले. जागा नेमकी शकूवहिनींच्या शेजारी मोकळी होती. त्या जरा सरकल्या. माझ्यासाठी जागा केली की माझ्यापासून लांब झाल्या, मला समजलं नाही.

बऱ्याच वेळानं आतून एक आवाज आला. पुरुष रडतो तेव्हा येतो तसा, घसा खरवडल्यासारखा.

तेवढ्यात दार उघडलं. बुवा बाहेर आले.

"दोन मिनिटं. आलोच," ते आत बघून म्हणाले.

आणि दार तसंच सताड उघडं टाकून विहिरीकडं गेले.

आत निखिलेश चटईवर बसलेला होता. तोंड दाराकडं. नाक, गाल सगळं ओलं. एक वाक्य अर्धंच राहिल्यासारखे ओठ उघडे.

पंधरा माणसं समोर.

त्याला उठताही येईना. इकडं तिकडं बघितलं त्यानं, काही झाकायला मिळतं का म्हणून. मग दोन्ही हात तोंडावर घेतले. हात पुरेनात.

"काय झालं हो याला?" मागून कुणीतरी विचारलं.

"पुण्याला काहीतरी करून आला असणार. उगीच कोण नोकरी सोडतंय?"

एकानं मान लांब केली. खोटं कशाला बोलू, मीही केली.

विहिरीवर रहाटाचा आवाज येत होता. बुवा सावकाश पाय धूत होते.

शकूवहिनी उठल्या.

सरळ ओसरी चढल्या, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून आमच्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"अहो, काय झालंय तरी काय त्याला?" तो मागचा माणूस पुन्हा म्हणाला.

"काही नाही. खाली बसा. तुमचा नंबर आला की उठा."

बुवा ओल्या पायांनी परत आले. शकूवहिनी दारातून हलल्या नाहीत.

"बुवा, आत माणूस आहे."

"खोली माझीच आहे, बाई."

"असू दे."

बुवांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग ते वळले आणि आमच्यात येऊन पायरीवर बसले. रांगेत शेवटचे.

किती वेळ गेला सांगता येत नाही. माझ्या घरी कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या.

आतून कडी वाजली. शकूवहिनी बाजूला झाल्या. निखिलेश बाहेर आला. तोंड पुसलेलं, डोळे सुजलेले.

"मावशी..."

"तू काय बोललास ते मी ऐकलं नाही. कुणीच ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "तोंड तेवढं दिसलं."

"तुमचं तर सगळं पत्रच..."

"पत्राचं काय घेऊन बसलास? काल रात्रीपासून गल्लीत जो तो माझ्या पदराकडं बघतोय."

तो खाली वाकायला लागला. त्यांनी खांदा धरून थांबवलं.

"पाया नको पडूस. वय वाढतं उगीच."

कुणी हसलं नाही. त्या मात्र थोड्या हसल्या. मग अंगणातल्या जास्वंदीकडं बघत त्यांनी विचारलं,

"मिरजेची गाडी किती वाजता असते रे?"

"साडेदहाला."

"तिथल्या मोठ्या दवाखान्यात केसपेपर काढायला फार धावपळ असते म्हणतात."

"मी येतो."

"दोन-तीन दिवस लागतील कदाचित."

"येतो."

त्यानं आत जाऊन पिशवी भरली. तीच ती पिशवी, गिरणीवर जिची गोष्ट झाली. ओसरीवरून निघताना तो संगणकापाशी थांबला. डाव्या हाताचा अंगठा एका बटनावर, उजव्या हाताचं बोट दुसऱ्यावर. पडदा काळा झाला.

"बंद पडलं वाटतं," रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

तो पिशवी खांद्याला लावून पायऱ्या उतरला.

मला राहवेना. मी फाटकाशी जाऊन शकूवहिनींचा हात धरला. "मीही येते सोबत. बाईमाणूस असलेलं बरं."

"तुम्ही नको, इंदूकाकू. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही."

खरंच होतं. मी हात सोडला.

चार पावलं जाऊन त्या परत वळल्या.

"एक काम करा. शकू मिरजेला लग्नाच्या साड्या बघायला गेलीय, बहिणीकडं राहणार आहे, एवढं सांगा आमच्या घरी. आणि गल्लीत. आणि गिरणीवर. काही शिल्लक ठेवू नका."

तेवढं मी मनापासून केलं. पैठणीच्या काठाचा रंगसुद्धा सांगितला.

तर गिरणीवरच्या गोष्टीत खरं किती, ते असं. सगळ्यांदेखत रडला, हे खरं. पिशवी घेऊन मठातून गेला, हेही खरं. पण हाकललं कुणी नाही.

रविवारी दुपारी तो परत आला. वहिनींना गल्लीच्या तोंडाशी सोडून आला होता. मी खिडकीतच होते. धावत बाहेर गेले.

"काय निघालं रे? गाठ कसली होती? साधी ना?"

"गाडीत जागा मिळाली, काकू. त्रास झाला नाही."

"अरे, ते नाही विचारत. डॉक्टर काय म्हणाले?"

"गर्दी होती खूप."

"लग्न पुढं ढकलणार का?"

"काकू, ती आमटी फार छान होती त्या दिवशी. खोबरं भाजून घालता का?"

आणि आत गेला. संगणकाचं टेबल फिरवलं, पाठ दाराकडं केली, पासवर्ड घातला आणि साचलेली पत्रं वाचायला बसला.

शकूवहिनींकडं जायचं धाडस माझ्यात नव्हतं. त्यांच्या अंगणात मुलगी लग्नाचे पापड वाळत घालत होती, एवढं जाता-येता दिसलं. त्यावरून काय समजायचं?

संध्याकाळी बुवा पारावर एकटेच बसलेले बघून मी जवळ गेले.

"बुवा, हा तोंड उघडत नाही."

"हं."

"मी कुणाला सांगणार नाही. आता तर मुळीच नाही. जीव टांगणीला लागलाय म्हणून विचारते. तुम्हाला तर त्यानं आल्या आल्या सगळं सांगितलं असेल."

बुवांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना फार आनंद झालेला दिसत होता.

"बाई, मी त्याचा गुरू आहे. मला कशाला सांगेल?"